अकरा आंब्यांखालची आखाजी

परवा सकाळी पारोळ्याच्या स्टँडवर उतरले, रिक्षा केली आणि बोरी नदीच्या काठच्या आमच्या शेतात येऊन उभी राहिले. आठही वाजले नव्हते, तरी ऊन चपलेतून तळव्यांना कळत होतं. अकरा आंब्यांपैकी चार उरलेत. झोका बांधायचा तो निंब मात्र आहे, पूर्वीपेक्षा जाड आणि एका अंगाला वाळलेला. खाली पाचोळा घोट्याएवढा. पाऊल टाकलं की करकर वाजायचा आणि त्यातून सरडे पळायचे.

एक कैरी हाताला येण्याएवढी खाली लोंबत होती. तोडली. देठातून चीक टपकला आणि तो वास आला. आंबट, तिखट, नाकात चढणारा. लहानपणी या चिकानं आम्हा सगळ्या पोरांचे ओठ उतलेले असायचे. आखाजीनंतर शाळेत गेलं की बाई विचारायच्या, "काय गं, तोंडाला काय झालं?" आणि मी अभिमानानं सांगायचे, "कॅम्पला गेलो होतो."

अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. खान्देशात या सणाला सासरी गेलेली लेक माहेरी येते. नुसती येत नाही, तिला आणायला भाऊ जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. ज्या बाईच्या दाराशी मुऱ्हाळी आला नाही, तिची आखाजी सुनी.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा आमचं गावचं घर हातचं गेलं. कसं गेलं ते मोठ्यांनी आम्हाला कधी नीट सांगितलं नाही आणि पुढं आम्हीही विचारलं नाही. उरला तो नदीकाठचा हा तुकडा, अकरा आंबे आणि एक निंब. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, धुळ्याला देवपुरात शाळेवर कवायतीचे मास्तर होते. दोन खोल्यांत आम्ही राहायचो. धाकटे काका, आबा, सुरतेला कापडाच्या मिलमध्ये. त्यांची तर एकच खोली. आणि आत्या, जिला आम्ही पोरंही अक्काच म्हणायचो, ती बोदवडला दिलेली.

त्या वर्षी नाना मुऱ्हाळी म्हणून बोदवडला गेले ते तोंड पाडूनच. मी सोबत होते. अक्कानं पाणी दिलं. नाना तांब्याकडे बघत म्हणाले, "अक्का, यंदा तुला कुठं नेऊ? माझ्याकडं दोन खोल्या. माहेर म्हणावं असं काही राहिलं नाही."

अक्का तोपर्यंत बोचकं बांधायला लागली होती. इतकी वर्षं बोदवडला राहूनही तिनं माहेरची बोली सोडली नव्हती. ती म्हणाली, "घर इकाई गयं ते गयं. आखाजी थोडीच इकाई गई? मी झाडखाले बठसू, पन माहेरले येसूच."

घर विकलं, आखाजी काही विकली नव्हती. आणि खरंच आम्ही झाडाखाली गेलो.

नानांनी शाळेतल्या पोरांची स्काउटची शिबिरं घेतलेली. हेडमास्तरांना विचारून त्यांनी कोठीतल्या जुन्या कनाती आणल्या, खुंट्या आणल्या आणि तीन दिवसांत आमराईचं शिबिर करून टाकलं. पहिल्या आंब्याच्या बुंध्याला वेळापत्रक लावलं. पाच वाजता उठणे. सव्वापाचला हजेरी. साडेपाचला नदी. सहाला कवायत. दुपारी बारा ते चार झाडाखालून कोणी हलायचं नाही. गळ्यात पितळी शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि भावकीतल्या म्हाताऱ्यांनासुद्धा "सावधान!" म्हणायला कमी करायचे नाहीत. आई पदरात तोंड घालून हसायची.

बोरीला उन्हाळ्यात पाणी नसायचं. वाळूत झिरा खणायचा. कोपरभर खणलं की वाळू ओली व्हायची, मग काळी पडायची, मग तळाशी डोळ्याएवढं पाणी चमकायचं. वाटीनं वाटीनं हंडा भरायचा. त्या पाण्याला वाळूची चव होती. दुपारी ओल्या गोणपाटाचा वास, त्यावर ठेवलेल्या माठाचा वास, पलीकडच्या मळ्यातल्या इंजिनाची टुकटुक. मोठी माणसं पत्ते कुटायची, कुणीतरी पानं लपवायचं आणि भांडण पेटायचं. संध्याकाळी निंबाला झोका. आम्ही पोरी गौराईची गाणी म्हणायचो, तर नदीपलीकडच्या गावच्या पोरी त्याच चालीवर आम्हाला शिव्या द्यायच्या. आम्हीही सोडत नव्हतो. दोन्ही काठांवर गळे बसेपर्यंत ते चालायचं.

आणि अक्काचे मांडे. तीन दगडांवर मातीचं खापर पालथं घालायचं, खाली कपाशीच्या काड्यांचा जाळ. कणकेचा पुरण भरलेला गोळा अक्का दोन्ही हातांवर घ्यायची आणि झुलवत झुलवत वाढवायची. मनगटापासून कोपरापर्यंत तो पातळ होत जायचा, इतका की पलीकडचा जाळ त्यातून लाल दिसायचा. मग एका झोक्यात खापरावर. दंड पिठानं पांढरे, कपाळ घामानं काळं, आणि तोंडानं अखंड बोलणं. गावठी आंब्यांचा रस मोठ्या पातेल्यात असायचा आणि आम्ही कोपरापर्यंत पिवळे झालेलो असायचो.

अशा सहा आखाज्या झाल्या. सातव्या आखाजीच्या आधी, थंडीत, नानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

सकाळी शाळेत जायला उठले आणि बुटाची नाडी बांधता बांधता एका बाजूला कलले. हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं, आणि बोलायला गेले की नुसता घोगरा आवाज. दवाखान्यातून घरी आणल्यावर नाना भिंतीकडं तोंड करून पडले. शाळेतले मास्तर भेटायला आले की डोळे मिटून घ्यायचे. त्यांचे विद्यार्थी आले की चादर तोंडावर ओढायचे. आईनं शिट्टी खुंटीवरून काढून ट्रंकेत ठेवली. मी पंधरा वर्षांची होते आणि मला घरात मोठ्यानं श्वास घ्यायचीही भीती वाटायची.

चैत्र लागला. आईनं मला समोर बसवून दोन पत्रं लिहून घेतली, एक सुरतेला, एक बोदवडला. 'यंदा यांची तब्येत अशी आहे. शेतात जमायचं नाही. कोणी येऊ नये.' 'कोणी येऊ नये' हे आईनं दोनदा सांगितलं म्हणून मी दोनदा लिहिलं.

आखाजीला चार दिवस होते. सकाळी कडी वाजली. दारात अक्का. डोक्यावर टोपलं, टोपल्यात गोधडीत गुंडाळलेलं खापर. बोदवडहून पॅसेंजरनं जळगाव, जळगावहून एसटीनं धुळं. एवढ्या प्रवासात तिनं ते खापर मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

आई चकित झाली. "अक्का, पत्र नाही मिळालं?"

"मियनं," अक्का म्हणाली. मिळालं म्हणाली आणि सरळ आत नानांच्या खाटेपाशी गेली. नानांनी तिला पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. अक्का खाटेला वळसा घालून भिंतीच्या आणि खाटेच्या मधल्या वीतभर जागेत घुसून बसली. आता नानांना तोंड फिरवायला जागाच नव्हती.

"दरसाल तू माले लेवाले येस," ती म्हणाली. "यंदा मीच मुऱ्हाळी उनू. उठ."

नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी डावा हात हलवून नाही नाही केलं. वाकड्या तोंडाकडं बोट दाखवलं.

"तुले लाज वाटस? कसानी लाज? माले भाऊ पाहिजे. कवायतना मास्तर नही पाहिजे."

आई दारात उभी होती. तिचा आवाज चढला. मी तिला अक्काशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "डॉक्टरांनी हलवू नका म्हटलंय. बाहेर आग पडतेय. काही बरंवाईट झालं तर तुम्ही निस्तरणार आहात का? कुंकू माझं आहे."

अक्का उठली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "वहिनी, भितडाकडे तोंड करीसन पडी राह्यना, ते काय जगनं शे?"

 आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटू लागली. अक्का शेजारच्या मारवाडी शेठजींकडं गेली. त्यांचा ढेपेचा टेम्पो दुसऱ्या दिवशी पारोळ्याला रिकामा जाणार होता.  पहाटे पाहिलं तर आई नानांची औषधं, दुपटी आणि बेडपॅन एका पिशवीत भरत होती.

"त्यांना एकट्याला नाही पाठवणार मी," एवढंच म्हणाली.

पहाटेच टेम्पोत खाट चढवली. नानांचं डोकं माझ्या मांडीवर. पांझरेचा पूल ओलांडला तेव्हा गार वारा आला आणि नानांनी कित्येक महिन्यांनी आभाळाकडं बघितलं. टेम्पोला सरकीच्या ढेपेचा गोडसर, तेलकट वास होता. अक्का ओलं धोतर धरून त्यांच्यावर सावली करत उभी होती, एका हातानं टेम्पोचा दांडा धरून, सगळ्या रस्ताभर. पारोळ्याच्या किल्ल्याचे बुरूज दिसेपर्यंत ती एकदाही बसली नाही.

शेतात कोणी नव्हतं. कनाती नाहीत, पोरं नाहीत, वेळापत्रक नाही. अकरा झाडं, तीन बायका आणि एक आजारी माणूस. मला तेव्हा अक्काचा राग आला होता, हे आज कबूल करते. हे काय करून बसलो आपण, असं वाटलं होतं.

अक्कानं जमीन झाडली. चार लोकांना लागते तेवढी नाही, सगळीच्या सगळी. मग तीन दगड मांडले, जाळ केला, आणि नानांना उचलून आंब्याच्या बुंध्याला टेकवून बसवलं. पाठीमागं गोधडी, उशाला पोतं. रोज सकाळ-संध्याकाळ तिनं त्यांचा मेलेला हात आपल्या हातात घ्यायचा आणि उचलायचा. वर, समोर, खाली. त्यांचीच कवायत. "एक... दोन... तीन..." नानांच्या कपाळावर घाम यायचा, कधी रागानं डाव्या हातानं तिला ढकलायचे. ती पुन्हा "एक" म्हणायची. दुपारी आई त्यांच्या कपाळावर ओली घडी बदलत राहायची आणि दर तासाला अंगाला हात लावून बघायची. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण एकीनं घडी काढली की दुसरी पाण्याचा तांब्या पुढं करायची.

गावातली माणसं यायची, लांब उभी राहून बघायची. नाना उपरणं तोंडावर घ्यायचे. अक्का ते काढायची. ते घ्यायचे, ती काढायची. तिसऱ्या वेळी नानांनी उपरणं घेतलंच नाही. आलेल्या म्हाताऱ्याकडं वाकड्या तोंडानं बघत राहिले. म्हातारा जवळ आला, बसला, आणि बैलाच्या खुराबद्दल बोलू लागला. जणू सहा महिन्यांत काही झालंच नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी धुळीतून एक रिक्षा आली. आत आबा, काकू, त्यांची तीन पोरं आणि वर गाठोडी. अक्कानं बोदवडहून निघताना कुणाकडून तरी सुरतेला कार्ड लिहून घेतलं होतं: मी शेतात जाते. येणं असेल तर ये. तेवढंच. आबा खाली उतरले, नानांना बघितलं आणि तिथंच उभे राहून लहान पोरासारखे रडले. संध्याकाळपर्यंत चुलत घराण्यातली आणखी दोन कुटुंबं आली. कुणी सतरंज्या आणल्या, कुणी आंबे. आईनं पीठ मळायला घेतलं. अक्कानं तिच्याकडं बघून नुसतं पुरणाचं पातेलं सरकवलं.

आखाजीच्या पहाटे मी जागी झाले ती पाचोळ्याच्या आवाजानं. शिट्टी वाजली नव्हती. पोरं आपणहून उठली होती आणि सवयीनं नानांसमोर रांगेत उभी राहत होती. आबांचा दिलीप, सगळ्यात धाकटा, चड्डी सावरत शेवटी उभा. आमच्या हजेरीची एक रीत होती. प्रत्येकाला आकडा दिलेला. पहिला आकडा नानांचा स्वतःचा. ते "एक!" म्हणून गरजायचे आणि मग रांग पुढं सरकायची.

आम्ही उभे राहिलो.  पूर्वेला उजेड फुटत होता, झाडावर कोकिळा ओरडत होती. चुलीपाशी अक्का पिठाचे हात तसेच धरून थांबली होती. आईनं तोंडाला पदर लावला.

नानांनी रांगेकडं बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यांचं तोंड उघडलं, बंद झालं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. डाव्या हातानं त्यांनी जमिनीवर थाप मारली, पुन्हा मारली, आणि घशातून काहीतरी ओढून आणावं तसं म्हणाले, "ए... ए...क."

"दोन!" मी ओरडले. इतक्या जोरानं की पलीकडच्या काठावरचे कावळे उडाले.

"तीन!" "चार!" रांग दिलीपपर्यंत गेली आणि तो शेवटचा आकडा ओरडून थेट नानांच्या अंगावर जाऊन पडला.

त्या दिवशी अक्कानं किती मांडे केले कोणास ठाऊक. पितरांची घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आंबे ठेवले, आणि ती पुजली नानांनीच, डाव्या हातानं. आम्हाला कळत होतं की नाना बरे झालेले नाहीत. पण ते परत आले होते.

पुढं ते काठी घेऊन चालू लागले. शाळेवर मात्र पुन्हा गेले नाहीत, आणि बोलणं शेवटपर्यंत जडच राहिलं. तरी पुढच्या वर्षी काठी टेकत, माझा खांदा धरत, गाड्या बदलत ते बोदवडला पोचले. अक्काच्या दारात उभे राहून म्हणाले, "मुऱ्हाळी." एकच शब्द, पण स्पष्ट. अक्का, जी कधी रडली नव्हती, चौकटीला धरून खाली बसली. त्यानंतर नाना दरवर्षी गेले. अकरा वर्षं, एकही चुकवलं नाही.

मग नाना गेले. त्यांच्यामागं अक्का गेली, मग आई. आम्ही पोरं मोठी झालो, पुण्याला गेलो, नाशिकला गेलो, आमच्याच घरच्या लग्नांत एकमेकांना ओळखेनासे झालो. एका वर्षी कुणाची परीक्षा, दुसऱ्या वर्षी कुणाचं बाळंतपण. तिसऱ्या वर्षी कोणी विचारलंच नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. इथं काही झालंच नव्हतं. गाठ सैल होत होत सुटली.

यंदा मी निवृत्त झाले. महिन्यापूर्वी घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं: 'आखाजीला शेतात चार दिवस. मी जाणार आहे.' उत्तरं आली. 'छान कल्पना.' 'बघतो.' 'इतक्या उन्हात?' 'तिथं टॉयलेटची काय सोय?' एकीनं नुसता हसरा चेहरा पाठवला. माझी लेक फोनवर म्हणाली, "आई, कोणी येणार नाही. तुला वाईट वाटेल. राहू दे ना."

मी म्हटलं, "वाईट वाटलं तर तिथं बसून वाटून घेईन. इथं बसून का?"

म्हणून परवा आले. शेत कसणाऱ्या वाटेकऱ्याच्या बायकोकडून केरसुणी घेतली. पत्र्याचा संडास उभा करायला गावातला माणूस बोलावला, टाकीवाल्याला पाण्याचं सांगितलं. कंबर दुखतेय, गुडघे बोलतायत. काल दिवसभर पाचोळा ओढला आणि पाणी शिंपडलं. उन्हानं तापलेल्या मातीतून जो वास उठला तो घेत मी बराच वेळ नुसती उभी राहिले. संध्याकाळी लेकीचा फोन आला. म्हणाली, "मी आणि हे येतोय, पोराला घेऊन. पण दोनच दिवस." म्हटलं, "दोन तर दोन."

आज दुपारी चार वाजता रस्त्यावर रिक्षा थांबली. एक टक्कल पडलेला, जाडा माणूस उतरला. चाकांची बॅग धुळीत ओढायला लागला, चाकं रुतली, तर उचलून घेतली. मी ओळखलं नाही. तो निंबाखाली येऊन उभा राहिला आणि वर बघू लागला.

"दिलीप?"

"हो ताई." घाम पुसत तो हसला. "सुरतेहून सकाळी निघालो. बायको म्हणाली वेड लागलंय. पोरं म्हणाली तुम्ही जा. एकटाच आलो."

"बरं केलंस."

त्यानं सभोवार पाहिलं. चार झाडं, मी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडलेली मोकळी जमीन.

"ताई, एवढी जागा? किती जण येणारेत?"

"तू, मी आणि लेकीकडचे तिघं. पाच."

"पाच जणांना एवढी लागते?"

"नाही लागत," मी म्हटलं. "पण पुढच्या वर्षी लागेल. बॅग ठेव, पाणी पी. नदीकडचा कोपरा अजून राहिलाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग त्या कोपऱ्याकडं. बॅग बुंध्याला टेकवली, गटागटा तांब्याभर पाणी प्यायला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, आणि माझ्या हातातली केरसुणी घेऊन ऊन उतरेपर्यंत झाडत राहिला.